कोंबडा आरवण्याआधी की नंतर

मी जन्मले तेव्हा कोंबडा आरवला होता की नव्हता, यावर माझं अर्धं आयुष्य अडून बसलं होतं. सुईण म्हणायची, आरवला होता. माझी आत्या म्हणायची, नव्हता. घरात घड्याळ नव्हतं, आणि असतं तरी त्या गडबडीत कोणी बघितलं असतं? त्या पहाटे कोंबडा आरवेपर्यंत मूळ नक्षत्र होतं आणि नंतर ते संपलं, असं पंचांगात निघालं. मुळावरची मुलगी बापाला भोवते म्हणतात. वडिलांनी बहिणीचं ऐकलं. आई बाळंतपणातच गेली होती. मला बारशाआधीच शहापुरातून उचलून धसईला मामाकडे पोचवलं. लोक निदान नक्षत्राची शांत करून घेतात. वडिलांना तेवढाही धीर निघाला नाही.

मामाकडे मला कोणी उपाशी ठेवलं नाही, हे आधीच सांगते. नाहीतर लोक लगेच मामीच्या नावाने बोटं मोडतात. मामी चांगली होती. पण तिची पोरं तिच्या कुशीला झोपायची आणि मी भाताच्या कणगीला पाठ लावून. दिवाळीत दारात गाड्या थांबायच्या, पाहुणे उतरायचे. त्यातलं एक माणूस माझ्यासाठी उतरेल, असं मला फार वर्षं वाटत राहिलं. वेडीच होते मी.

पुढे किन्हवलीचं स्थळ आलं. मुलगा चांगला, जमीन बरी, पण सासरा हयात. मुळावरची सून सासऱ्याला वाईट, म्हणून त्यांनी पत्रिका मागितली. मामा मला घेऊन मुरबाडच्या जोशीबुवांकडे गेला.

बुवांनी तपकीर ओढली. "वेळ ठाऊक नसली तर आयुष्यात काय घडलं त्यावरून काढता येते. सांगा एकेक."

"लहानपणी हिला देवी आल्या होत्या," मामा म्हणाला.

"गावभर आल्या असतील. सोडा."

"आंब्यावरून पडली."

"कोण पडत नाय? पुढं."

"आई बाळंतपणात गेली." मामाचा आवाज एकदम बारीक झाला. त्याची ती धाकटी बहीण.

बुवांनी तपकिरीची डबी मिटली. "तेही नाय चालायचं. बाळंतपणात गेलेल्या बायांवरून पोरांच्या वेळा काढाया बसलो, तर अर्धा तालुका मुळावर निघंल."

मला तो माणूस तिथेच आवडला. तो माझ्याकडे वळला. "तुला काय आठवतं गो?"

"दरसाल दिवाळीत बापाची वाट बघते," मी म्हटलं. "तो येत नाय."

"हे घडलेलं नाय, पोरी. घडलेलं मला मांडता येतं. न घडलेलं मी कुठं मांडू?"

मग त्यांनीच वाट दाखवली. मूळ खरं असतं तर बापावर काहीतरी मोठं गुदरलं असतं: दुखणं, आग, दिवाळं, काहीही. तेवढी एकच गोष्ट विचारून या. काही झालं नसेल तर पोर कोंबड्यानंतरचीच.

मामाची भाताची गाडी शहापूरला जायची होती. मी पोत्यांवर बसले आणि वाटभर देवाला विनवत गेले, माझ्या बापाचं काही वाईट झालेलं नसू दे. पत्रिकेचं मला तितकं नव्हतं. दोष नाही असं ठरलं की ते मला लेक म्हणतील, लग्नात कन्यादानाला बसतील, एवढंच डोक्यात होतं.

वडिलांचं किराणा दुकान चांगलं भरलेलं होतं. मागेच घर, दुसरी बायको, मुलगे. मी त्यांना पहिल्यांदा बघत होते. माझं नाक त्यांचं होतं. आम्हाला आत न बोलावता ते स्वतःच खाली रस्त्यावर आले. मामाने विचारलं.

"काय नाय झालं," ते म्हणाले. "देवाच्या दयेनं सगळं बरं हाय. साधा ताप नाय आला कधी."

"म्हणजे मी मुळावरची नाय!" मी केवढ्यांदा ओरडले. बापाशी बोललेलं ते माझं पहिलं वाक्य.

ते माझ्याकडे न बघता मामाला म्हणाले, "असंल, नसंल. पण हिला लांब ठेवली म्हणून तर काय झालं नाय."

मामा कधी शिवी देत नसे. त्या दिवशी त्याने दिली. मला राग आलाच नाही. मी गाडीत जाऊन बसले, एवढंच आठवतं.

बुवांना मामाने अर्धंच उत्तर सांगितलं. पत्रिका निर्दोष झाली, लग्न लागलं, कन्यादान मामा-मामीने केलं.

सासऱ्यांना मी फार जपलं. आख्खी किन्हवली माझं कौतुक करायची. लोकांना काय माहीत? मी मुळावरची नाही, याचे सासरे माझे साक्षीदार होते. ते खोकले की मी रात्रीची उठून काढा उकळायची. पावसात भिजून आले की मी त्यांना चुलीपुढून हलू द्यायची नाही. शहापूरला कोणी जाणारं भेटलं की दुकानात निरोप धाडायची, सासरे धडधाकट आहेत, माझ्या हातचं खातात, आता तरी येऊन जा. उत्तर कधी आलं नाही.

लढाईच्या दिवसांत, रॉकेलला रांगा लागायच्या तेव्हा, एका सकाळी उत्तराऐवजी सांगावा आला. वडील तापाने वारले. रस्त्यावरच्या त्या एका भेटीनंतर माझी सावलीसुद्धा त्यांच्यावर कधी पडली नव्हती.

सासऱ्यांनीच बैल जुंपले. "चल पोरी, बाप हाय तुझा," म्हणाले आणि स्वतः गाडी हाकत मला घेऊन गेले. दुकान बंद होतं. घरात बाया बसल्या होत्या, त्यांत आत्याही होती. तिने सरकून मला जागा करून दिली. ज्या घरात जन्मले त्या घरात मी तेव्हा पहिल्यांदा पाऊल टाकलं, आणि मला कोणीही अडवलं नाही.