कलाबाईनं दिलेला शब्द

कलाबाई गल्लीत शिरली की कुंदन पानवाला ओट्यावरून ओरडायचा, "सरकार उनं भो, दारं लावा!" लोक हसायचे आणि खरंच दारं लावून घ्यायचे. पाचोऱ्याजवळच्या त्या गावात अकरा वर्षं आशाताईचं काम केलेल्या कलाबाईला हे नवीन होतं. गावानं सरकार पाहिलं होतं ते तिच्याच रूपानं. याच दारांतून तिनं बाळंतिणींना दवाखान्यात नेलं होतं, लेकरांना डोस पाजले होते. दुसऱ्या लाटेच्या त्या एप्रिलात मात्र तिच्या हातातलं ऑक्सिमीटर बघून बाया बोटं पदरात लपवायच्या. कोविड सेंटरमध्ये गेलेला माणूस परत दिसत नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

गल्लीतल्या तोतारामआबांचा ऑक्सिजनचा आकडा ब्याऐंशी आला. ते जायला तयार नव्हते, आणि त्यांची बायको सुनंदाबाई दारात आडवी उभी होती. गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबलेली. नेते तशी परत घेऊन येते, असं पहिलटकरणीच्या सासूला सांगावं तसं कलाबाई बोलून गेली, "अक्का, मी लई जाई राहिनू ना? मीच परत लई येसू."

आबा गाडीत बसले.

पाचव्या दिवशी आबा गेल्याचा फोन आला. देह घरी मिळणार नव्हता. मुलगा कौतिक लांबून हात जोडून परतला.

इकडे मयताच्या घरी द्वारदर्शनाला जायचं असतं. दारासमोर सतरंजी अंथरतात, बाया येतात, गळ्यात पडून रडतात. त्या महिन्यात कलाबाईच घरोघर सांगत फिरली होती, द्वारदर्शनाला जाऊ नका. सुनंदाबाईच्या दाराशी सतरंजी होती आणि तिच्यावर कुणी नव्हतं.

नियम कलाबाईच्या बाजूचा होता. न जाण्याला याहून चांगलं कारण सापडलं नसतं. पण आबांची सून सविता तीन दिवस तापानं पडलीय, हे तिच्या कानावर आलं होतं. ती गेली. सतरंजीपासून लांब, गल्लीतच उभी राहिली.

"सरकारबी रडस का, भो?" कुंदन म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

सुनंदाबाई दारातून म्हणाली, "कला, तुन्हा शब्दवर त्या गाडीमा बठनात."

"व्हय अक्का. ते मन्हा हातमा नव्हतं, तरी मी बोलनू." मास्कच्या आत तिचा आवाज कोंडला होता. "चुकनू मी."

आतून खोकल्याचा आवाज आला.

"आते सविताले लई जाय म्हनशी," सुनंदाबाई म्हणाली. "ती परत येई का?"

'येई' हा शब्द कलाबाईच्या जिभेवर तयार होता. अकरा वर्षांची सवय होती ती. तिनं तो गिळला.

"माले म्हाईत नई, अक्का. घर ठेवाले धोका जास्त शे, इतलंच म्हाईत शे. मी तिन्हा संगे येसू, खाट भेटस तवलगून हटाव नई. रोज फोन करसू. वाईट व्हयी तरी सांगसू."

 

"आत्या, मी जास," आतून सविता म्हणाली.

"कौतिक, तिन्ही पिशवी भर," सुनंदाबाईनं सांगितलं.

पुढं रोज संध्याकाळी कलाबाईनं फोन केला. आकडा घसरला त्या दिवशीही केला. त्या दिवशी बटण दाबायच्या आधी ती नदीच्या काठापर्यंत चालत जाऊन आली. सुनंदाबाई ऐकून घ्यायची आणि न बोलता फोन ठेवायची. नवव्या दिवशी सविता सुधारतेय, ऑक्सिजन काढला असं सांगितलं, तेव्हाही पलीकडून शब्द आला नाही. फोन मात्र चालू होता.

"कला," मग सुनंदाबाई म्हणाली, "तू काही खादं का आज?"