बाबांनी आणलेला गुलाब

पालघरचं आमचं बैठं घर बिल्डरला द्यायचं ठरलं, तेव्हा बाबांनी नव्या इमारतीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. किती मजले, लिफ्ट कुठे, आपलं दार कुठल्या दिशेला, सगळं त्यांनी माझ्यावर सोडलं. त्यांना एवढंच हवं होतं की अंगणात बोअरिंगच्या पंपाशेजारी जो गुलाब आहे, तो वाचला पाहिजे.

हा गुलाब बाबांनी आणलेला. त्याची गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की पाहुण्यांनाही पाठ होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा बाबांना मस्कतला काम मिळालं. करार दोन वर्षांचा. आई एडवणची, भरल्या घरातली, आणि पालघरात तिच्या ओळखीचं कुणी नाही. जायच्या आदल्या आठवड्यात बाबा मुंबईहून गुलाबाचं कलम घेऊन आले. एक काटेरी काडी, मुळाशी गोणपाट आणि नाव लिहिलेली चिठ्ठी. त्यांनी स्वतः खड्डा खणून ते लावलं, ‘मी येईपर्यंत फुलेल’ म्हणाले आणि गेले. परत आले तेव्हा झाड कमरेएवढं झालेलं आणि गुलाबी फुलांनी लगडलेलं होतं. पुढे ते तारापूरच्या एका कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले.

फूल दिसायला फार काही नव्हतं. मध्यम आकाराचं, फिकट गुलाबी, पाकळ्यांची नुसती गर्दी. दांडा इतका आखूड की पानांसकट तोडल्याशिवाय हातात येत नसे. दुपारपर्यंत पाकळ्या गळायच्या. पण वास असा की पंप सुरू करायला गेलेला माणूस दोन मिनिटं तिथंच रेंगाळायचा. आई रोज एक देवाला ठेवायची आणि एक अंबाड्यात खोचायची, दोन पानांसकट. बाबा पहिल्या पाळीला निघताना तिच्या डोक्याकडे बघून विचारायचे, “कसा हाय माझा गुलाब?” आई म्हणायची, “छान हाय तुमचा गुलाब.” मला लहानपणी हा प्रकार फार कंटाळवाणा वाटायचा.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिचे दिवस झाल्यावर पाहुणे पांगले आणि बाबा ओट्यावर बसून एवढंच बोलले, “आयुष्यभर पाळ्या केल्या, चिडचिड केली, तिला कुठं नेलं नाय. एक तेवढा गुलाब आणला तिच्या मनासारखा.” तेव्हापासून झाडाला पाणी तेच घालतात. मी घातलं तर पुन्हा घालतात.

घर पाडायचं ठरल्यावर त्यांनी फांद्या कापून रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावल्या. पण या जगल्या नाहीत तर काय, या काळजीने त्यांना घेरलं. नाव माहीत असेल तर निदान तसंच झाड विकत आणता येईल, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबरच होतं. फक्त नाव त्यांना आठवत नव्हतं. “इंग्रजी होतं. मोठं होतं. कुठल्यातरी राणीचं असणार,” ते म्हणत. चिठ्ठी तर पहिल्याच पावसाळ्यात गेलेली.

मी कोळगावला नोकरीला आहे. तिथल्या एकीने माझ्या फोनवर झाडं ओळखणारं ॲप टाकून दिलं. मी चार फोटो काढले, ॲपने चार वेगळी नावं सांगितली आणि पाचवा काढला तर त्याला जास्वंद म्हणालं. फोन ठेवून दिला.

मग मी बोईसरच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीत गेले. तिथला माणूस हिंदी बोलणारा. फोटो बघून तो म्हणाला, “ये तो नीचे वाला है. इसी पर कलम बाँधते हैं. इसका फूल कौन खरीदेगा?” मला काही कळलं नाही. तेव्हा त्याने एक पिशवी पुढे ओढली. खाली जाड खोडाचा तुकडा, त्यावर गाठ, गाठीच्या वर दुसऱ्याच रंगाची कोवळी फांदी आणि तिला लाल फूल. वरचं मेलं की खालचा खुंट फुटतो, एवढं सांगून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. तो खुंट कुणी नावाने विकत नाही, त्यामुळे नावाचा प्रश्नच मिटला.

संध्याकाळी बाबा फिरायला गेल्यावर मी खुरप्याने झाडाच्या बुडाची माती उकरली. तशीच गाठ तिथे होती. सगळ्या जिवंत फांद्या तिच्या खालून निघालेल्या होत्या. म्हणजे बाबांनी आणलेलं कलम कधीच गेलं होतं. माती पुन्हा दाबून मी हात धुतले. बाबा आले तेव्हा मी भाजी निवडत होते.

बाबा मस्कतला होते त्या दोन वर्षांत आईकडे ये-जा असलेलं एकच माणूस आता उरलंय, एडवणची धाकटी मावशी. रविवारी तिच्याकडे गेले. ती ओट्यावर सुकट निवडत बसली होती आणि तिच्यामागच्या कुंपणात तोच गुलाब होता. तो मी जन्मभर पाहत आलेय. मला वाटायचं, आमच्याकडूनच फांदी आलेली असणार.

“तुमच्याकडनं?” मावशी हसली. “आमच्या आजीच्या टायमापासून हाय तो.”

मी नर्सरीतलं सगळं सांगितलं. तिने सूप बाजूला ठेवलं.

“तुज्या बापानं आणलेला तो पिवळा होता. ताटलीयेवडा फूल. वास म्हणशील तर नाय. तुजी आय पयलाच फूल डोक्यात घालून देवळात गेली, तर बायका पुसाय लागल्या, कागदाचा हाय का? नाव मोठं नि लक्षण खोटं. घरी येऊन रडली.”

“मग तो मेला?”

“मरतोय कशाला? तिनं तोडला. खालून फुटवा आलेला. पानं बगून वळखलं तिनं, ह्यो तर आपल्या कुपाचा. घेतला कोयता नि वरचा उडवला.”

“आणि बाबांना?”

“सांगणार होती. पण भावोजी आले नि फुलं बगून येवडे हरखले, हिचं तोंडच उगडंना. मंग ऱ्हायलं ते ऱ्हायलं. मला म्हनली, अळीमिळी गुपचिळी.” मावशीने सूप पुन्हा ओढून घेतलं. “तू पन आता काय बोलू नको.”

परत येताना रिक्षात मी हाच विचार करत होते. झाडाची काळजी संपली होती. मावशीच्या कुंपणातून हव्या तेवढ्या फांद्या मिळाल्या असत्या. काळजी आता बाबांची होती. एवढ्या संसारात बायकोसाठी आपण एकच गोष्ट धड केली असं ज्याला वाटतं, त्याला जाऊन सांगायचं की तीही तिला आवडली नव्हती, तिने कोयत्याने तोडली? मला आईचा राग आला. सांगून मोकळी झाली असती तर हे माझ्या गळ्यात आलं नसतं. मी गप्प राहायचं ठरवलं.

पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या घराला माहीत आहे. आई इतकी वर्षं मूग गिळून बसली. मला त्या रात्रीचं जेवणही निघालं नाही.

“नाव मिळालं?” बाबांनी विचारलं.

“नाही. तो गुलाब कुणी विकत नाही.”

“का नाय विकत?”

इथे मला थांबता आलं असतं. पण त्यांनी एकेक प्रश्न विचारला, मी एकेक उत्तर दिलं आणि खुंटावरून गाठीवर, गाठीवरून एडवणवर आणि एडवणवरून कोयत्यावर आले. बाबा जेवायचे थांबले होते.

“पिवळा होता?”

“हो.”

“मला वाटलं, गुलाब म्हणजे गुलाबीच.” मग म्हणाले, “मला बोलली असती तर मीच तोडून दिला असता.”

“तिला तुमचं मन मोडायचं नव्हतं.”

“रोज विचारायचो मी तिला.” ते उठले, ताट मोरीत ठेवलं आणि पंख्याखाली जाऊन बसले. मला माझ्या जिभेचा एवढा राग आला की रात्री मी मावशीला पोचल्याचा फोनही केला नाही.

दुसऱ्या दिवशी ते झाडाकडे फिरकले नाहीत. पाणी मी घातलं. तिसऱ्या दिवशीही मीच. डब्यांतल्या फांद्यांना कोंब फुटले होते, ते मी ओरडून सांगितलं, तर आतून नुसतं ‘बरं’ आलं. आपण एका म्हाताऱ्या माणसाकडून त्याची एकुलती एक चांगली आठवण काढून घेतली, असं मला वाटत राहिलं. समजूत घालायला गेले तर म्हणाले, “मला काय झालं नाय. तू ऑफिसला जा.”

पुढच्या रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे होते. “ती नर्सरी कुठे हाय?”

“कशाला?”

“मी आणलेला गुलाब मी कधी बघितलाच नाय. मी लावला तेव्हा काडी होती नि आलो तेव्हा नव्हता. बघू दे तरी कसा होता.”

नर्सरीत पिवळ्या गुलाबांच्या दोन रांगा होत्या. बाबा चष्मा लावून प्रत्येक पाटी वाचत गेले. राणीचं एक नाव होतं, एका राजकन्येचंही होतं, पण त्यांना काही आठवेना. यातला कुठला, हे खात्रीने सांगू शकणारी एकटी आई होती. मी तसं म्हणणार होते, पण या वेळी जीभ आवरली.

मग त्यांनी वेगळाच उपाय काढला. कमरेवर हात ठेवून ते एकेका फुलापाशी वाकायचे, वास घ्यायचे आणि मान हलवून पुढे जायचे. थोडाफार तरी वास प्रत्येकाला होता. शेवटाकडे एक मोठं, भडक पिवळं फूल होतं, ताटलीएवढं. बाबा तिथे वाकले आणि वाकलेलेच राहिले. पुन्हा वास घेतला. डोळे मिटून आणखी एकदा घेतला.

“घे बघ,” ते मला म्हणाले.

मी घेतला. नुसती ओल्या मातीची वाफ आली.

“कायपण नाय,” बाबा म्हणाले. त्यांनी बोटाने एक पाकळी दाबून पाहिली. “बरं केलं तिनं.”

मला वाटलं, आता निघू. मी रिक्षा थांबवली आणि वळून पाहिलं, तर बाबा त्याच झाडाची पिशवी दोन्ही हातांनी उचलून येत होते. खाली पायाशी ठेवा म्हटलं तर ऐकलं नाही. घरापर्यंत ती मांडीवर धरून बसले.