बेंदराची खोट

आत्याबाईंना कुणी गोष्ट सांगितली आणि ती तिथंच संपली, असं कधी झालं नाही. सांगणारा दमून थांबला की त्या तोंडातली मिश्री गालात सारायच्या आणि विचारायच्या, "मग?" एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईनं लेकीच्या लग्नाचं सांगितलं, अक्षता पडल्या, पोरगी नांदायला गेली, तरी यांचं "मग?" शिल्लकच. बाजारात, देवळात, अगदी मयताच्या घरीसुद्धा. गावानं त्यांचं नाव फौजदारीण ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं, कारण कुणी तोंडावर म्हटलं की पदर सारखा करून ताठ बसायच्या.

नात्यानं त्या माझ्या नवऱ्याच्या आत्या. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि त्या इस्लामपूरजवळच्या आमच्या गावात, माहेरी आल्या त्या कायमच्याच. माझे सासरे त्यांचे धाकटे भाऊ, पण घरात शब्द चालायचा तो बहिणीचा. मी सांगलीची, नव्वदच्या सुमारास लग्न होऊन त्या घरात आले, तेव्हा मला त्यांची भारी धास्ती वाटायची. आमटीत मीठ कमी पडलं तर सासूबाई मुकाट खायच्या. आत्याबाई विचारायच्या, "मीठ घालताना काय इचार करत व्हतीस?" आता याला काय उत्तर देणार, कपाळ!

आमचं जमलं ते बेंदरामुळं. पहिल्या आषाढात गावभर बैलांची शिंगं रंगली, झुली बाहेर निघाल्या, घराघरातून पुरणाचा वास सुटला, आणि आमच्या घरी आमटी-भात. बैल गोठ्यात तसेच उभे. मी विचारलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आपल्याला खोट हाय." सणाच्या दिवशी घरात मरण आलं की तो सण बंद पडतो, आणि पुन्हा कधीतरी त्याच दिवशी घरात जन्म होईपर्यंत बंदच राहतो, हे मलाही माहीत होतं. "कोण गेलं होतं?" "बैल. आबाजींचा बैल हिरीत पडला." आबाजी म्हणजे आत्याबाईंचे आजोबा. त्यांनी माळ फोडून रान केलं, विहीर पाडली, आणि अख्खी भावकी अजून त्यांच्या नावानं मिशीला पीळ देते. मी भाबडेपणानं म्हणाले, "एका बैलासाठी इतकी वर्षं?" सासूबाईंनी डोळे वटारले. कोपऱ्यात आत्याबाईंचं मिश्री लावणारं बोट थांबलं. "आलं बाई," त्या म्हणाल्या, "ह्या घरात एक तरी डोस्कं आलं!"

मग त्यांनी मला आपलं लहानपणचं सांगितलं. एका बेंदराला घरची गाय व्याली. आमच्याकडचा नियम सरळ आहे. जनावर गेलं असेल तर जनावर जन्मलं की खोट फिटते, माणूस गेलं असेल तर माणूसच जन्मावं लागतं. परकरातली पोर नाचत आजाकडं धावली, "आजा, खोट फिटली, पोळ्या करा!" आजानं फाडकन थोबाडीत दिली. "उभ्या जल्मात आजानं मला एकदाच मारलं," आत्याबाई म्हणाल्या. "आणि मग दिवसभर खांद्यावरनं खाली ठिवलं न्हाई. आता तूच सांग पोरी. वासरू जल्मलं, मग खोट का फिटली न्हाई? बैल मेलाच न्हवता."

दुसरी खूण त्यांच्या ट्रंकेत होती. त्यांच्या आजीच्या गळ्यात चांदीचा एक लहानसा टाक असायचा, त्यावर बाईची आकृती. माणसाची पहिली बायको मेली की दुसरीच्या गळ्यात सवतीचा असा टाक घालतात, म्हणजे पहिली रागावत नाही. म्हणजे आबाजींना आधीची बायको होती. पण तिचं नाव घरात कुणी उच्चारलेलं आत्याबाईंनी ऐकलं नव्हतं. तिसरी खूण त्यांनी स्वतः हेरली होती. आमच्या भावकीत मेढ्याकडच्या एका गावाची सोयरीक करत नाहीत. का, ते कुणी सांगत नाही; पहिलीचं माहेर तेच असणार, असा त्यांचा कयास. "त्या गावाचं नाव काढलं की म्हातारी माणसं पान थुकायला भाईर जात्यात," त्या म्हणायच्या. "सगळ्यांस्नी एकदमच कशी थुकी येती?"

इतकं कळलं होतं, तर इतकी वर्षं त्या गावी गेल्या का नाहीत, असं मी विचारलं. बाई पहिल्यांदाच चाचरल्या. म्हणाल्या, "आजाच्या मांडीवर वाढले गं मी. त्यानंच काय केलं असंल तर?" त्यांना सगळं जाणून घ्यायचं होतं आणि आजाही हवा होता. एका हाताला दोन्ही लागेनात. पण आता जोडीला मी होते, आणि आगाऊपणात मी काही कमी नव्हते.

पुढच्या वर्षी ऐन बेंदराच्या दिवशी आम्ही निघालो. घरी सांगितलं, औंधच्या यमाईला जाऊन येतो. देवीनं आम्हाला क्षमा करावी, आम्ही गेलो सातारला आणि तिथून मेढ्याला. त्या गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. पाऊस असा की छत्री असून नसल्यासारखी. चिखलात एक चप्पल रुतली ती मी तिथंच सोडली. "आता घर कसं शोधायचं?" मी विचारलं. "येडी का काय तू?" आत्याबाई म्हणाल्या. "आज सणाचा दिस. ज्या घरातनं पुरणाचा वास येणार न्हाई, त्या घरात शिरायचं."

मला हा तर्क पटला नव्हता. लग्न करून दिलेल्या लेकीच्या मरणानं माहेरचा सण बंद पडत नाही. पण बाई नाक वर करून प्रत्येक दारापुढं थांबत होत्या आणि लोक सणाचं जेवायला बोलावत होते. गावाच्या टोकाला, डोंगराच्या अंगाला एक घर लागलं. गोठ्यातल्या बैलांच्या शिंगांना रंग नव्हता. आत एक म्हातारी चुलीपुढं नाचणीची भाकरी थापत होती.

"आवं, आज बेंदूर, आणि तुमच्यात भाकरी?" आत्याबाईंनी उंबऱ्यातूनच विचारलं.

"खोट हाय आमाला," म्हातारी म्हणाली. "माजी आत्या गेली, तिच्या सासरी."

"सासरी गेलेल्या लेकीची खोट माहेराला कशी?"

म्हातारी भाकरी थापत राहिली. आत्याबाईंनी पिशवीतून टाक काढला आणि तिच्या पिठाळ हातावर ठेवला. तिनं तो दिव्यापाशी नेऊन पाहिला, कपाळाला लावला, आणि आम्ही कोण, कुठल्या, काही विचारलं नाही. "आलासा व्हय?" एवढंच म्हणाली. "लय उशीर केलासा."

तिच्या आत्याचं नाव हौसा. लग्नाला वर्षं झाली तरी पोरबाळ नव्हतं. ती माहेरी आलेली असताना आबाजींनी गुपचूप दुसरी करून आणली. इकडं कुणाला पत्ता नाही. हौसाच्या वडलांनी विचार केला, सणाच्या दिवशी घेऊन जाऊ, सणाला पोर नाही म्हणून कुणी टाकून बोलत नाही. बैल सजवून, गाडी जुंपून ते लेकीला घेऊन बेंदरालाच पोचले. दारात नवी बाई बैलांना ओवाळत होती, पोळीचा घास भरवत होती. घरधनिणीचा मान तो! वडलांनी पाहिलं, समजले, आणि लेकीला म्हणाले, "नांद. सवतीवर नांदत्यात बायका." गाडी वळवली. ती शिवेपलीकडं गेली नसेल, तोवर हौसा विहिरीत. गावाला सांगितलं, बैल पडला. "आमच्या आज्यानं परत येऊन बैलांच्या शिंगाचा रंग सोताच्या हातानं खरवडला," म्हातारी म्हणाली. "म्हनला, हितनं म्होरं ह्या घरात बेंदूर न्हाई. म्याच पोरीला हिरीवर नेऊन सोडली."

आत्याबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. सवयीनं त्यांच्या तोंडून निघालंच, "मग?"

म्हातारीनं भाकरी उलटली. "मग काय बाई? मग तुमी झालासा."

त्या शब्दासरशी आत्याबाईंचा चेहरा असा पडला की मला बघवेना. म्हातारीच्या मनात टोचायचं काही नव्हतं, जे झालं ते तिनं सांगितलं. निघताना तिनं आम्हा दोघींना अर्धी अर्धी भाकरी बांधून दिली. परतीच्या एस.टी.त एक बाई आपल्या दिराच्या भांडणाचं सगळं रामायण सांगत होती. आत्याबाईंनी एकदाही विचारलं नाही, मग काय झालं. कराड आल्यावर मला म्हणाल्या, "आजानं उडी टाकली असंल का गं? तिला काढाय?" मी म्हणाले, "टाकली असेल की." त्या भडकल्याच. "तुला काय ठावं? गोड बोलू नगंस!" आणि मग पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "आजा मला अजून आवडतोच बग. त्याला मी काय करू?"

घरी त्यांनी भावाला सगळं सांगितलं. सासरे संतापले. "बैलच मेला व्हता. पुन्हा ह्या घरात त्ये नाव निघता कामा न्हाई." भावकीनं आत्याबाईंशी बोलणं टाकलं. ज्यांच्या शब्दाबाहेर घर जात नव्हतं, त्यांच्यासमोरून माणसं उठून जायला लागली. त्या भांडल्या नाहीत. फक्त दर बेंदराला विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडायचं तिथं, खण आणि हिरव्या बांगड्या ठेवून यायच्या.

माझी मुलगी बेंदूर होऊन गेल्यावर जन्मली. सासूबाई हळहळल्या, जरा लवकर झाली असती तर खोट फिटली असती. बैलाच्या खोटीला माणसाचा जन्म कसा चालणार, हे मात्र कुणी विचारलं नाही. आत्याबाई हसल्या. "ऱ्हाऊ दे. खोट हाय तवर कुनीतरी इचारंल, का म्हणून." बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. माझ्या नवऱ्याला बहीण नाही. विधवेनं कशाला, असं कुणी पुटपुटलं, पण मी बाळ त्यांच्याच मांडीवर दिलं. ठरलेलं नाव होतं स्नेहल. त्यांनी वाकून आधी दुसरंच एक नाव सांगितलं, मग स्नेहल. आधीचं फक्त मला ऐकू आलं, कारण मी जवळ होते.

दोन वर्षांनी साध्या तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या. त्यानंतर काही वर्षांनी चुलतदिराला ऐन बेंदराच्या सकाळी मुलगा झाला. खोट फिटली! भावकीनं हलगी लावली, गुलाल उधळला, उरलेल्या एका बैलजोडीची शिंगं रंगली, ट्रॅक्टरलासुद्धा हार पडला. त्या घरात मी पहिल्यांदा पुरण वाटलं. स्नेहल तेव्हा पहिलीत होती. गरम पोळी हातात घेऊन तिनं वडलांना विचारलं, "आपण आधी बेंदूर का करत नव्हतो?"

"अगं, बैल मेला होता आपला," हे म्हणाले, "फार पूर्वी."

"मग?" स्नेहल म्हणाली.

मी लाटणं खाली ठेवलं. आत सासरे होते, ते ऐकणार होते, आणि ऐकू देत, असं मला वाटलं. "इकडं ये," मी तिला म्हणाले. "बैल नव्हता मेला. आणि तुझ्या आजीआत्यांनी बारशात तुझ्या कानात पहिलं नाव काय सांगितलं होतं, ते तुला अजून कुणी सांगितलेलं नाही."