कल्हईच्या गडव्यातली मार्टिनी

आमच्या घरी मार्टिनी मी बनवते. नवरा पितो, मी बनवते, आणि शेवटचा घोट माझा असतो. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण भंडाऱ्यात माझ्या वयाच्या बाईनं असं काही सांगितलं की समोरचा माणूस आधी इकडेतिकडे बघतो आणि मग विषय बदलतो. बदलू दे. जे मला नीट येतं ते मी लपवत नाही. पुरणपोळी मला आजतागायत धड जमलेली नाही, तेही मी कधी लपवलं नाही.

खूळ मूळचं नवऱ्याचं. तो वरठीला पोलादाच्या कारखान्यात आहे, रोज मोटारसायकलनं जातो-येतो. एकदा पुण्याला ट्रेनिंगला गेला, तिथल्या हॉटेलात साहेबानं त्याला मार्टिनी पाजली, आणि परत आला तो तिचे गुण गातच. जिन, तिच्यात थोडी व्हर्माउथ, आणि दात ठणकतील इतकी गार. व्हर्माउथ म्हणजे औषधी पाला आणि साली मुरवलेली वाइन, हे मला बाटली नाकाशी धरल्यावर कळलं. काढ्यासारखा वास होता. दोन्ही बाटल्या नागपूरहून आल्या आणि दर शनिवारी संध्याकाळी प्रयोग सुरू झाले. कधी डब्याला झाकण लावून खुळखुळ्यासारखी हलवायची, कधी स्टीलच्या तांब्यात बर्फ टाकून तशीच ठेवायची. डबा गळायचा, बर्फ विरघळायचा, आणि शेवटी ग्लासात यायचं ते जिनचं सरबत. "तशी नाही होऊन राहिली," एवढंच म्हणून तो ते पिऊन टाकायचा.

त्याच सुमारास आम्ही स्वयंपाकघर नव्यानं करायला काढलं. माळा पाडायचा होता, आणि माळ्यावर दोन पोती होती. त्यांत माझ्या आंदणाची भांडी, म्हणजे लग्नात माहेराहून आलेलं सगळं पितळ: गुंड, गंज, परात, डबे. बावीस वर्षांत ती फार तर दोनदा खाली आली असतील. नवऱ्यानं ती मोडीत द्यायचं ठरवलं, जुनी भांडी वजनावर विकत घेणाऱ्या भांडेवाल्याला येत्या महिन्याचं सांगूनही ठेवलं.

"कोणी वापरून नाही राहिलं, मंग कायले ठेवाचं?" तो म्हणाला.

बोलणं खरं होतं, म्हणूनच मला झोंबलं. माझ्या बाबांनी चाळीस वर्षं एका व्यापाऱ्याच्या कारखान्यात पितळेची भांडी ठोकली. भंडाऱ्याच्या आमच्या गल्लीत सकाळी हातोडीचा आवाज सुरू झाला की आई चूल पेटवायची. पोत्यांतली भांडी व्यापाऱ्याच्या दुकानातून आलेली, असंच मला माहीत होतं. पण दिवाणखान्याच्या शोकेसमधला गडवा, म्हणजे पितळी तांब्या, बाबांनी माझ्यासाठी स्वतः घडवला होता. आता पोती गेली की मागोमाग गडवाही जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. माझ्या बाबांचं काम लोखंडी काट्यावर चढणार आणि मी दारात उभी राहून बघणार, ही कल्पनाच मला सहन होईना.

"पितळ कामाचं आहे," मी म्हटलं.

"मंग दाखव ना कामाचं," तो हसून म्हणाला.

मला तेवढं पुरे होतं. शनिवारी तो ड्युटीवर गेला आणि मी गडवा शोकेसमधून काढला. चिंच लावून बाहेरून असा घासला की तोंड दिसावं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं झाकण माप म्हणून घेतलं. पाच झाकणं जिन, एक झाकण व्हर्माउथ, असं दोन ग्लासांचं मोजून गडव्यात ओतलं आणि गडवा फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी दहाला ठेवलेलं संध्याकाळपर्यंत कसं गारेगार होईल, आणि बर्फाचं पाणीही नाही. स्वतःच्या हुशारीवर मी दिवसभर खूश होते.

संध्याकाळी नवऱ्यानं पहिला घोट घेतला आणि सरळ बेसिनकडे पळाला.

"काय टाकलं वं यात? तोंडात नाणं ठेवल्यावानी लागते."

मी बोट बुडवून चाटलं. कळकलं होतं. आंबट पदार्थ पितळेत राहिला की कळकतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. म्हणून तर भांड्याला आतून कल्हई लागते, कथलाचा पांढरा लेप. वाइन आंबट असते, आणि मी गडव्याच्या आत डोकावूनही बघितलं नव्हतं. बाहेरून लखलखीत घासलं आणि आत कल्हईचा पत्ता नाही. दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर चालून गेलं असतं, पण पितळ ठोकणाऱ्याच्या लेकीच्या हातून हे व्हावं, याची मला लाज वाटली.

"पाह्यलं? दारूबी टिकत नाही यात," नवरा चूळ भरत म्हणाला. "जाऊ दे आता मोडीत."

"पंधरा दिवस थांबा," मी म्हटलं. "नाही जमलं तर गडवा मी सोता भांडेवाल्याच्या हातात देईन."

दुसऱ्या दिवशी गडवा पिशवीत घालून मी बाबांकडे गेले. बाबा आता सत्तरीच्या पुढे आहेत, हातात कंप आहे, गळ्यात वारकऱ्याची माळ नाही पण आयुष्यात दारूला शिवलेले नाहीत. त्यांनी गडवा उजेडाकडे धरला, आतून बोट फिरवलं, आणि मी पुन्हा दहा वर्षांची झाले.

"कल्हई गेली ना वं याची. काय ठेवलं होतं? दही?"

"नाही बाबा. दारू."

त्यांनी गडवा नाकाशी धरून हुंगला. मग म्हणाले, "आंबट होती?"

"थोडीशी."

"मंग कळकलच ना! तुले एवढंबी समजलं नाही?"

दारूबद्दल चकार शब्द नाही. कल्हईवरून मात्र अर्धा तास ऐकून घ्यावं लागलं. आता गल्लीत कल्हईवाला फिरत नाही, पण लाखनीच्या बाजारात एक जण बसतो हे त्यांना पक्कं माहीत होतं. पत्ता सांगून ते थांबतील कशाला, स्वतःच माझ्याबरोबर एसटीत येऊन बसले.

कल्हईवाला हायवेपासून थोडा आत, भाता लावून बसला होता. गडवा तापवला, नवसागराचा धूर काढला, कथील फिरवलं, कापसानं पुसून पाण्यात बुडवला. आतून आरशासारखा झाला. मी हात पुढे केला तोच बाबांनी तो मधल्यामध्ये घेतला आणि गळ्याच्या आत बोट घातलं.

"इथं राह्यलं. पुन्हा कर."

"काका, पाणीच ठेवान ना यात?" कल्हईवाला वैतागला.

"पाणी नाही. जवाई दारू पितेत, पोरगी बनवते. चव बिघडली नाही पाह्यजे."

भरबाजारात, अशा खणखणीत आवाजात. भाजीवाल्या दोन बायांनी माना वळवल्या. मला जमीन फाटावी असं वाटलं, आणि त्याच वेळी ऊर भरूनही आला. माझ्या कामाबद्दल बाबा पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते. पोरगी बनवते. कल्हईवाल्यानं मुकाट्यानं भाता पुन्हा सुरू केला.

पुढच्या शनिवारी मी बाबांनाही घरी बोलावलं. या वेळी आगाऊपणा केला नाही. रिकामा गडवा तासभर फ्रीजरमध्ये ठेवला. व्हर्माउथ उघडल्यापासून फ्रिजमध्येच होती, कारण ती वाइन, कपाटात ठेवली की उतरते. नवरा आल्यावर गडव्यात बर्फ भरला, झाकणांनी मोजून दोन्ही ओतलं आणि लांब दांड्याच्या चमच्यानं ढवळत राहिले. हलवायचं नाही, आपटायचं नाही, फक्त ढवळायचं. पितळ बाहेरून घामेजलं, माझी बोटं बधिर झाली, तसं चहाच्या गाळणीतून ग्लासात ओतलं. दारच्या झाडावरचं लिंबू घेऊन त्याच्या सालीची पातळ पट्टी काढली, पांढरा भाग येऊ न देता, आणि ग्लासावर पिळून आत सोडली.

नवऱ्यानं घोट घेतला. डोळे मिटले. मग दुसरा घेतला.

"हेच," तो म्हणाला. "हॉटेलात अशीच होती. नाही, ही चांगली आहे त्याच्याहून."

मला इतका आनंद झाला की लपवता आला नाही, आणि मी लपवलाही नाही. पण बाबांचं लक्ष जावयाकडे नव्हतं, गडव्याकडे होतं.

"मले दे थोडी," ते म्हणाले, आणि तीर्थाला करतात तसा तळहात पुढे केला. मी चमचाभर ओतली. त्यांनी ती जिभेवर घेतली आणि तोंड कडू करून गिळली.

"बेकार चीज आहे," ते म्हणाले. "पण पितळेची चव नाही. कल्हई बरोबर झाली."

नवरा हसला. मग त्यानं ग्लास खाली ठेवला, कोपऱ्यात उतरवून ठेवलेली दोन पोती ओढून आणली आणि बाबांसमोर सोडली.

"बाबूजी, हा गडवा तुमचा होय. यातलं अजून काही तुमच्या हातचं आहे काय? तेवढं बाजूले काढून ठेवतो."

बाबांनी एक गंज उचलला, पालथा केला, बुडावरच्या ठोक्यांवरून अंगठा फिरवला. मग परात. मग डबा. प्रत्येक भांडं खाली ठेवताना ते सावकाश ठेवत होते.

"सगळंच आहे," ते म्हणाले. "इचं लग्न ठरलं तवा मालकाचं काम आटपलं की ठोकत बसो. वर्ष लागलं."

मला हे माहीत नव्हतं. बावीस वर्षं मी त्यांना दुकानातली भांडी समजत होते, आणि कुणी विचारलं नाही म्हणून बाबांनी सांगितलं नव्हतं. मी तिथंच खाली, पोत्याशेजारी बसले आणि रडले, अगदी मोकळेपणानं. कुणी मला गप्प केलं नाही.

नवऱ्यानं खिशातून फोन काढला आणि भांडेवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं. मग गुंडाच्या आत डोकावून बघत तो म्हणाला, "याचीबी कल्हई गेली ना, बाबूजी?"

"सगळ्याईची गेली असल."

"मंग पुढच्या बाजाराले जाऊ," तो म्हणाला. "तुमी संग चला. त्या कल्हईवाल्याकडून दोनदा करून घ्या लागते म्हणे."