होल्मफ्रिदचा दुसरा ब्रोच

फार पूर्वी, दूर उत्तरेकडच्या बिर्का बेटावर स्टेइनुल्व नावाचा ओतारी होता. पितळेचा रस असा ओतायचा की थेंब सांडेल तर शपथ! पण नक्षी कोरणं काही त्याच्या हाताला आलं नाही. ओल्या मातीत जुना ब्रोच दाबायचा, साचा काढायचा, त्यावर पोट भरायचं.

तिथल्या लग्न झालेल्या बायकांच्या खांद्यांवर कासवाच्या पाठीसारखे दोन ब्रोच असत. झग्याचे पट्टे त्यांनाच अडकवलेले. त्याची बायको होल्मफ्रिद हिची माहेरची जोडी गावात सगळ्यांत देखणी. ती तापाने गेली, तेव्हा यानं एक ब्रोच तिच्यासोबत पुरला आणि दुसरा साच्यासाठी गुपचूप ठेवून घेतला.

तिसऱ्या सकाळी, धुक्यात, ती भट्टीपाशी उभी. डाव्या हातात झग्याचा पट्टा घट्ट धरलेला. मग रोजच यायला लागली.

मेहुणी योरुन तणतणत आली. "दाजी, ताई स्वप्नात येते. तिकडच्या बायका म्हणतात, वाढ की गं जेवायला! एका हातानं कशी वाढणार ती? धड नेसवून पाठवलीत ना?"

"पाठवली की. पिन सैल झाली असेल."

"पिन सैल, का नियत?"

त्यानं घाईघाईनं नक्कल ओतली आणि थडग्यात पुरून आला. सकाळी ती नक्कल त्याच्याच पाटावर, ओल्या मातीसकट! माती वाळताना आक्रसते. म्हणून नक्कल मूळच्याहून जवाच्या दाण्याभर लहान. होल्मफ्रिदला ते कळणारच. दुसरा अस्सल जोड मिळतो का बघायला तो बाजारात पळाला, तर जिकडेतिकडे बायकांच्या खांद्यांवर तोच ब्रोच, त्यानंच ओतलेला. एकीच्याही तोंडाकडे बघवेना.

परत येऊन त्यानं योरुनपुढे सगळं कबूल केलं, मूळ ब्रोच घेतला आणि फावडं उचललं.

"हा दिला तर साचा कशावरून काढणार?" योरुनचा आवाज उतरला. "नकलेची नक्कल पुसट होत जाते म्हणता ना?"

"कोरायला शिकेन."

"या वयात? तुम्ही कोरलेला घोडा डुकरासारखा दिसतो, दाजी."

"मग डुकरं ओतेन!"

दोघांनी माती उकरली. त्यानं स्वतःच्या हातानं पट्टा ब्रोचमध्ये अडकवला.

दुसऱ्या दिवशी दाट धुकं होतं. भट्टी पेटवून स्टेइनुल्व तिची वाट बघत बसला. ती आली नाही. मुशीतला रस निवून दगड झाला, तरी तो उठला नाही.