न बोललेल्या सहा पायऱ्या

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोजवळ नाही, आणि ज्यांच्यासोबत वीस वर्षं डबा खातोय त्या सहकाऱ्यांजवळही नाही. तुमच्याजवळ का बोलतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. दुसरंही एक आहे, पण ते मला लगेच सांगता येणार नाही — मी मूळ गोष्टीपाशी फिरून फिरून येणारा माणूस आहे. थोडं सांभाळून घ्या.

मी नागपुरात बालरोगाचा डॉक्टर आहे, वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो. गेल्या काही वर्षांत मात्र लोक मला बोलावतात ते वेगळ्याच कामासाठी. वयानं मोठी, नोकरीत मुरलेली माणसं — नर्स, गावाकडच्या दवाखान्यांतले डॉक्टर — कशी शिकतात, आणि त्यांना कसं शिकवावं, यावर मी कार्यशाळा घेतो. माझी एक पद्धत आहे, ती आता बऱ्याच ठिकाणी वापरतात. 'माझी' — बघा, हा शब्द लिहिताना हात अडला. तो का अडला, तेच सांगायचं आहे.

पद्धत साधी आहे. जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला श्वास कसा द्यायचा, हे शिकवायचं आहे समजा. टेबलावर रबरी बाहुली ठेवायची, शेजारी अंबू बॅग — तोंडावर मास्क धरून दाबायची ती पिशवी. पण हात लगेच लावायचा नाही. आधी प्रत्येकीनं सांगायचं, आपल्या हातून कोणतं बाळ रडलं नव्हतं. कोणत्या दिवशी, खोलीत कोण होतं, हात का चुकले. मग तेच बाळ समोर आहे असं समजून बाहुली उचलायची. बाकीच्यांनी तिच्या हातांकडे बघायचं नाही, बाळाच्या छातीकडे बघायचं. छाती उचलली नाही तर कुणी तोंड उघडायचं नाही. काय चुकलं ते तिचं तिनं शोधायचं.

लोक विचारतात, सर, हे तुम्हाला सुचलं कसं? माझं उत्तर ठरलेलं आहे. म्हणतो, प्रौढांच्या शिक्षणावर बरंच वाचत होतो आणि एका दुपारी डोक्यात आलं. दुपार खरी आहे. वाचन मी नंतर केलं. त्या दुपारी एका बंद दाराच्या काचेतून मी जे पाहिलं होतं, तेच पुस्तकांतून लांबलचक वाक्यांत लिहिलेलं सापडलं.

तेव्हा मी तेहतिशीत होतो, नवा व्याख्याता. विभागानं माझ्यावर दोन दिवसांचं प्रशिक्षण सोपवलं. ग्रामीण रुग्णालयांतल्या वीस नर्स येणार होत्या. मी नव्वद स्लाइड केल्या, सगळ्या इंग्रजीत. पहिल्या दिवशी सकाळी दहापासून एकापर्यंत बोलत होतो. समोर पंखा फिरत होता आणि वीस बायका मान हलवत होत्या. मला वाटलं, समजतंय.

तिसऱ्या रांगेत मेश्राम सिस्टर बसल्या होत्या. पन्नाशीला टेकलेल्या, सावळ्या, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा. तासाभरावरच्या एका ग्रामीण रुग्णालयात बावीस वर्षं प्रसूतिगृहात काढलेल्या. सकाळच्या लेखी चाचणीत त्यांना सगळ्यांत कमी गुण होते — प्रश्न इंग्रजीत होते, हे तेव्हा मला कारण वाटलं नाही. त्यांच्याबद्दल माझं मत तिथेच झालं.

दुपारी मी बाहुली घेतली. आता बघा, म्हणालो. मास्क लावला, पिशवी दाबली. छाती हलली नाही. पुन्हा दाबली. नाही. घाम फुटला. म्हणालो, ही बॅग लीक आहे, दुसरी आणा. दुसरी आली. तीच गत.

मेश्राम सिस्टर जागेवरून उठल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "सर, मान जराशी जास्तच मांगं गेली बाळाची."

गेलीच होती. घाईत मी मान इतकी मागे ओढली होती की श्वासाची वाट बंद झाली होती. मी ती सरळ केली आणि छाती उचलली. तेवढ्यात काटोलकडची एक नर्स शेजारणीला कोपर मारून म्हणाली, "घे वं, आता सरलेच शिकव." सगळ्या हसल्या. मेश्राम सिस्टर हसल्या नाहीत, हे मला आजही स्पष्ट आठवतं. त्यांनी उलट त्या नर्सकडे रागानं बघितलं. पण मला ऐकू आलं ते हसूच. त्या दिवशी घरी जाईपर्यंत, आणि जेवतानाही, ते कानात होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती. तरुण माणूस, अपमान गिळतो, विसरतो. पण दुसरा दिवस आला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाच्या सुट्टीत मी चष्मा विसरलो म्हणून परत आलो. दार लोटलेलं होतं. काचेतून बघितलं तर सगळ्या बायका टेबलाभोवती उभ्या, हातात आलुबोंड्यांचे कागद. मधे मेश्राम सिस्टर. त्या एका तरुण नर्सला विचारत होत्या, "तुह्या हातचं कोणचं बाळ नव्हतं रडलं?" ती पोरगी आधी हातातल्या कागदाकडे बघत राहिली. मग बोलायला लागली. बोलता बोलता रडली. सिस्टरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, समजूत घातली नाही. कागद बाजूला ठेवायला लावला आणि बाहुली तिच्या हातात दिली. "हे तेच हाय समज. घाबरू नोको, आता आपल्यापाशी टाइम हाय." मग बाकीच्यांना म्हणाल्या, "तिच्या हातावर नोका पाहू वं. छातीवर पाहा."

पोरीनं तीनदा प्रयत्न केला. कुणी बोललं नाही. चौथ्यांदा तिनं स्वतःच मान सावरली आणि छाती उचलली. तिच्या तोंडावर जे आलं ते माझ्या नव्वद स्लाइडींनी कुणाच्याही तोंडावर आणलं नव्हतं.

मी दाराशी उभा होतो. मला कळलं होतं — हे लक्षात ठेवा, मला तेव्हाच सगळं कळलं होतं. मोठं माणूस रिकामं येत नाही, काहीतरी उरात घेऊन येतं. ते बाहेर आल्याशिवाय नवं आत शिरत नाही. चारचौघांत चुकण्याची लाज त्याचे कान बंद करते. ही बाई ती लाजच आधी टेबलावर मांडून घेत होती. दहा मिनिटांत मी शिक्षक म्हणून जेवढं शिकलो, तेवढं आधीही शिकलो नव्हतो आणि नंतरही नाही.

आणि त्यानंतर दोन तासांनी परीक्षा झाली.

आमच्याकडे प्रत्यक्ष परीक्षेची एक रीत आहे. हातानं करायचंच, पण करताना बोलूनही दाखवायचं — आता मी बाळाला कोरडं करते, आता मान ठेवते, मास्क बसवते, श्वास देते, छाती बघते, ठोके मोजते. परीक्षक तपासणी-यादीवर खुणा करत जातो. सहा पायऱ्या. बाईला बोलायची आठवण राहिली नाही तर परीक्षक म्हणतो, "हं, पुढे?" ते नियमात नाही, पण सगळे म्हणतात. मीही म्हटलं — एकोणीस जणींना म्हटलं.

मेश्राम सिस्टर आल्या. बाहुली घेतली आणि काम सुरू केलं. एक शब्द बोलल्या नाहीत. बावीस वर्षांत प्रसूतिगृहात कोण असं बोलत बसलं होतं? हात नुसते चालले होते — पुसणं, मान, मास्क, दाब. मग बोटं नाळेवर ठेवून त्या मनातल्या मनात मोजत होत्या, ओठ हलत होते. संपल्यावर माझ्याकडे बघितलं. काही राहिलं का, असं त्यांच्या डोळ्यांत होतं.

मी "पुढे?" म्हटलं नाही. 'ठीक आहे' एवढंच म्हटलं.

सहा पायऱ्यांसमोर सहा फुल्या मारल्या. बोलल्या नाहीत, म्हणजे केल्या नाहीत. खाली लिहिलं — प्रत्यक्ष कौशल्य असमाधानकारक, पुनर्प्रशिक्षणापर्यंत प्रसूतिगृहात नेमणूक करू नये. सही केली. नियमानं बघाल तर कुणी बोट ठेवू शकणार नाही. म्हणूनच मी ती वाट निवडली ना? उघड खोटं लिहायची माझ्यात हिंमत नव्हती. मी फक्त गप्प बसलो, आणि त्या गप्प बसण्यावर सही केली.

त्यांचं आडनाव दुसरं असतं, म्हणजे जात दुसरी असती, तर मी तसंच लिहिलं असतं का? हा प्रश्न स्वतःला विचारायला मला फार वर्षं लागली. उत्तर माहीत नाही. 'नाही, तसं काही नव्हतं' असं ठामपणे म्हणता येत नाही, एवढं मात्र माहीत आहे.

त्या शेऱ्यावरून मेश्राम सिस्टरांना ड्रेसिंगच्या खोलीत टाकलं. पुढचं प्रशिक्षण दोन वर्षांनी निघालं. ती दोन वर्षं त्या रुग्णालयात बाळं जन्मत होती आणि ते हात पलीकडच्या खोलीत पट्ट्या बांधत होते. त्या काळात तिथं किती बाळं रडली नाहीत, आणि त्यांतल्या किती जणांना उशीर झाला — मी कधी विचारलं नाही. एक फोन पुरला असता. का केला नाही, ते तुम्हीही ओळखलं असेल.

मी मात्र त्या दोन वर्षांत पुढे गेलो. स्लाइडी फेकून दिल्या, बाहुली मधे ठेवली आणि विचारायला लागलो, तुमच्या हातचं कोणतं बाळ रडलं नव्हतं? बायका बोलायला लागल्या, शिकायला लागल्या. विभागप्रमुख खूश झाले. मी त्या पद्धतीला एक भारदस्त इंग्रजी नाव दिलं.

मग पुनर्प्रशिक्षणाला त्या आल्या. पुन्हा तिसरी रांग. मी सवयीनं बोलत होतो, आणि तोंडून निघून गेलं, "हातांकडे नको, छातीकडे बघा." सिस्टरांनी मान वर केली. आमची नजर भेटली. मला वाटलं, आता उठतील. सांगतील सगळ्यांना.

चहाला त्या माझ्यापाशी आल्या. हातात कप, चेहऱ्यावर हसू. म्हणाल्या, "आता बरं शिकवून राहिले सर तुम्ही. मांगच्या टायमाले त मले झोप येत होती."

मी माझा कप उचलला.

"यंदा पास करा बाप्पा," त्या म्हणाल्या. "मले माह्या लेबर रूममंदी जाचं हाय. तिकडं पट्ट्या बांधून बांधून जीव कटाळला."

परीक्षेत त्यांनी सहाही पायऱ्या बोलून दाखवल्या. पाठ करून आल्या होत्या, शाळकरी मुलीसारख्या. बावीस वर्षं ज्या हातांना शब्दांची गरज पडली नाही, त्या हातांसाठी ड्रेसिंगच्या खोलीत बसून त्या वाक्यं घोकत होत्या. मी सहा बरोबरच्या खुणा केल्या. जाताना त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "लय उपकार झाले सर."

आणि मी ते उपकार घेतले. मान हलवून घेतले. आधीचा शेरा मोठा गुन्हा की हे घेणं मोठं, मला अजून ठरवता येत नाही.

त्या परत प्रसूतिगृहात गेल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. आता मनीषनगरात मुलाकडे असतात, माझ्या घरापासून दोन वळणांवर. भाजी घेताना भेटतात. "जेवले काय सर?" म्हणतात. एकदा माझ्या पिशवीतलं वांगं काढून परत ढिगात टाकलं आणि दुसरं निवडून दिलं, "हे किडकं होतं." त्यांना त्या दिवशीची फुली आठवते का? मी गप्प राहिलो होतो हे त्यांना कळलं होतं का? पुनर्प्रशिक्षणाच्या दिवशी त्या मला शिकताना बघत होत्या, आणि शिकणाऱ्याला मधे टोकायचं नाही ही त्यांची रीत होती — असं मला कधी कधी वाटतं. पण हे मी माझ्या सोयीनं वाटून घेतोय, हेही मला दिसतं.

आज मी जो काही शिक्षक आहे, तो त्यांच्यामुळे. माझ्या हाताखालून गेलेल्या कित्येक नर्स आज कुठे कुठे बाळांना श्वास देताहेत, त्यांच्या हातांत मेश्राम सिस्टरांचे हात आहेत. या विचारानं मन भरून येतं, अगदी रोज. नुसती कर्जाची जाणीव नव्हे ही, आनंदही आहे — अशी बाई मला भेटली, आणि मी दाराशी उभा असताना ती शिकवत होती.

आता तुमच्याजवळ बोलण्याचं ते दुसरं कारण. आमच्या पद्धतीचं पुस्तक निघतंय, शिकवणाऱ्यांसाठी. पहिल्या प्रकरणावर माझं नाव होतं, ते काढून मी त्यांचं घातलं आहे. जुना शेरा खोटा होता, असं सहीनिशी पत्र त्यांच्या जुन्या कार्यालयाला दिलं आहे. त्याची प्रत आणि हा मजकूर उद्या सकाळी मी स्वतः त्यांच्या हातात देणार आहे, तुम्ही वाचण्याआधी त्यांनी वाचावा म्हणून.

इतकी वर्षं मी प्रत्येक टेबलावर सगळ्यांना त्यांचं न रडलेलं बाळ सांगायला लावलं. माझी पाळी आली की एक सोपी, जुनी, कुणाला न टोचणारी हकिकत सांगून पुढे सरकायचो. कुणी कधी म्हटलं नाही, "हं, पुढे?"

माझं सांगायचं ते हे. मेश्राम सिस्टरांनी सहाही पायऱ्या बरोबर केल्या होत्या. छाती उचलली होती. मी ती पाहिली होती.