उजवा ना डावा

माझ्या विद्यार्थिनी मला अधूनमधून विचारतात, "मॅडम, तुम्ही एम.एस्सी.ला मानसोपचार नर्सिंगच का घेतलंत?" मी काहीतरी भारदस्त उत्तर देते, कारण शिकवणाऱ्या बाईनं तसं द्यायचं असतं. खरं कारण एवढंच की बाकीच्या विषयांच्या जागा भरल्या होत्या. काही वर्षं वॉर्डात काढून मी पुन्हा वर्गात बसायला निघाले, तेव्हा वैभववाडीच्या आमच्या घरी आईनं कपाळावर हात मारून घेतला. "इतक्या शिकान शेवटी पिशांचीच सेवा करतलंस?" पिसा म्हणजे वेडा. मला तिचा फार राग आला. खरं तर मनातून मीही थोडी घाबरलेच होते.

पण आता त्या दोन वर्षांतलं काय आठवतं म्हणाल, तर ना वर्ग आठवतो, ना परीक्षा. आठवतं ते मिठबावचं एक चिऱ्याचं घर, त्याच्यापुढचं सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, आणि मला पाटावर बसवून उकड्या तांदळाची पेज वाढणारी एक काकी. शनिवार आला की आजही मला वाटतं, उठावं आणि ती एसटी पकडावी. माहेराची ओढ लागावी तशी मला त्या घराची ओढ लागते.

अभ्यासाचा भाग म्हणून आम्हाला एकेका कुटुंबाकडे बरेच महिने जावं लागायचं. दवाखान्यातून घरी गेलेलं माणूस गोळ्या घेतं का, झोपतं का, घरचे त्याला कसं वागवतात, हे बघायचं, त्यांच्याशी बोलायचं. माझ्या वाट्याला आली ती काकीची सून, माझ्याच वयाची. तिचा नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेचसे महिने घराबाहेर. बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत तिची झोप उडाली, मग ती भलतंसलतं बोलू लागली, आणि एका सकाळी तान्ह्या लेकीला छातीशी धरून ती चालत समुद्रात शिरली. रापणीचं जाळं ओढायला आलेल्या लोकांनी दोघींना बाहेर काढलं. बाळंतपणानंतर एखादीलाच होणारा हा आजार औषधानं आटोक्यात येतो, तसा तिचाही आला. पण लेकीला तेव्हाच शिरोड्याला आत्याकडे, म्हणजे काकीच्या लेकीकडे, नेऊन ठेवलं होतं. तिथंच ती रांगायला लागली, तिथंच चालायला लागली. आईला ते फोनवर बघायला मिळायचं.

पहिल्या भेटीत मी वर्गात शिकवलं होतं तसं, शुद्ध मराठीत, मान किंचित कलती ठेवून तिला विचारलं, "आता तुम्हाला कसं वाटतंय?" ती नारळ खवत बसली होती. गोळ्यांमुळे हात थोडे कापत होते. वर न बघता तिनं सांगितलं, "बरां वाटता." झालं, विषय संपला. पुढचा प्रश्न मला पाठ होता. "बरं वाटतंय म्हणजे नेमकं कसं?"

तेव्हा मात्र तिनं खवणं थांबवलं. "माका कसां वाटता ता इचारू नको गो. माजां चेडू घराक कधी येतला, ता सांग."

चेडू म्हणजे मुलगी. मी तिच्यासमोर बसले आणि सोलणं घेऊन नारळ सोलायला लागले. ते मला धड येत नाही हे काकीनं ओटीवरून बघितलं आणि ती खो खो हसली. "घाटाच्या मुळातला माणूस ता," ती म्हणाली. वैभववाडी घाटाच्या पायथ्याशी, समुद्रापासून लांब, म्हणून. मी तिथं जात होते तोवर हे नाव मला चिकटून राहिलं. मासा निवडता आला नाही की घाटाच्या मुळातली, भरतीची वेळ कळली नाही की घाटाच्या मुळातली. मला ते आवडायचं.

शुद्ध मराठी मी दुसऱ्या भेटीपासून सोडली आणि सून हळूहळू खुलली. मुळात ती मिश्कील होती. एकदा तिनं विचारलं, "तुज्या अभ्यासात माजां नाव काय लिवतंस?" मी म्हटलं, नाव लिहायचं नसतं, तू माझ्या कागदावर 'रुग्ण अ'. "अ?" तिनं डोळे मोठे केले. "म्हणजे माजो पयलो नंबर इलो!" लगेच तिनं सासूला हाक मारून ही बातमी दिली. शाळेत म्हणे कधी आला नव्हता.

त्या पावसाळ्यात डॉक्टर म्हणाले, आता मुलीला घरी आणायला हरकत नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि सुरुवातीला घरात मोठं माणूस असू द्यायचं, बस. मी उडत उडत काकीकडे गेले. वाटलं, आता बाई साखर ठेवील हातावर. काकी शांतपणे तांदूळ पाखडत होती. "डाक्टर सांगता ता खरां आसात," ती म्हणाली. "पण देवान डावो दिल्यान मां."

शिमग्याच्या सुमाराला तिनं गावदेवाला कौल लावला होता. आमच्याकडे हे अजून चालतं. देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. काकीनं विचारलं होतं, सून पूर्ण बरी झाली काय? डावी पडली होती. सून आतल्या दारात उभी राहून हे ऐकत होती. तिचा चेहरा बघून माझं डोकंच फिरलं. मी चपला घातल्या आणि तिठ्यावर जाऊन आमच्या कॉलेजच्या मॅडमना फोन लावला. अंधश्रद्धा, अडाणीपणा, एका आईचा छळ, जे तोंडाला येईल ते बोलले.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "देवाला प्रश्न काय विचारला होता?"

"सून पूर्ण बरी झाली का, असा."

"मला विचारला असतास तर मीही डावाच दिला असता," मॅडम म्हणाल्या. "गोळ्या चालू असलेल्या बाईला 'पूर्ण बरी' असं तू लिहून देशील?"

नसतं दिलं. कोणीच नसतं दिलं. मुलीला घरी आणायला ती पूर्ण बरी असण्याची गरजच नव्हती, आणि नेमकं तेच कुणी विचारलं नव्हतं. मी परत फिरले आणि काकीला म्हटलं, "काकी, देवाक परत इचारूया. पण दुसरां इचारूया."

काकीला ते सहजी पटलं नाही. देव म्हणजे काय घाटाच्या मुळातली नर्स आहे, तिला पुन्हा पुन्हा विचारायला? पण ती आठवडाभर विचार करत असावी, कारण पुढच्या शनिवारी मी गेले तर बाई इरकल नेसून तयार. "चल," म्हणाली, "तू पण ये." सून घरीच राहिली. तिनं त्या दिवसाची गोळी आमच्या देखत घेतली आणि पाण्याचा पेला पालथा करून ठेवला.

देवळात चारपाच माणसं होती. गुरवानं पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. काकीनं सांगितलं होतं तसंच्या तसं: बा देवा महाराजा, सून गोळये घेता, घर बघता, सासू तिच्या वांगडा आसा, तर चेडवाक घराक हाडू काय? वांगडा म्हणजे सोबत, हाडू म्हणजे आणू. आम्ही सगळे म्हणालो, "होय महाराजा." मीसुद्धा म्हणाले, आणि चांगली मोठ्यानं म्हणाले. हे मी माझ्या अहवालात लिहिलं नाही.

पाकळ्या पडेनात. ना उजवी, ना डावी. श्रावणातली ओल, त्यात गुरवानं पाणीही जरा सढळ हातानं लावलं असावं. आम्ही बघत राहिलो. गुरवानं पुन्हा गाऱ्हाणं घातलं, आम्ही पुन्हा होय महाराजा म्हणालो. एक माणूस उठून तपकीर ओढून आला. पाकळ्या होत्या तिथंच. आता डावी पडली तर त्या घरात मी कुठल्या तोंडानं जाणार होते?

आणि काकी उठली. पदर खोचला, देवाला हात जोडले.

"गे, खंय चललंस?" गुरव म्हणाला. "कौल पडाक नाय अजून. जरा रव."

"पडाक नाय म्हणजे त्यान आमच्यार सोडल्यान," काकी म्हणाली. "त्याका काय, तो बसान आसा. माका जेवण करूचां आसा."

देवळाच्या पायरीवर उभं राहूनच तिनं शिरोड्याला लेकीला फोन लावला. "फाल्यां चेडवाक घेवन ये," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि तेचे सगळे कपडे हाड. सगळे."

फाल्यां म्हणजे उद्या. मी त्या रात्री शेजारच्या घरी मुक्काम ठोकला. परतायचं होतं, पण कोण परततंय!

दुसऱ्या दिवशी आत्या रिक्षातून उतरली. कडेवर ती पोर, फुग्यासारखे गाल, केसांना लाल क्लिप. सून खळ्यात उभी होती. तिनं धुतलेली साडी नेसली होती. पोरीनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि आत्याच्या मानेत तोंड खुपसलं. साहजिकच होतं. सुनेनं पुढे केलेले हात खाली घेतले. मी वहीत वाचलेलं सगळं आठवायला लागले. मुलाची सवय हळूहळू करावी, घाई करू नये, ओळखीचं माणूस जवळ असू द्यावं. तोंड उघडणार, इतक्यात काकीनं आत्याच्या कडेवरची पोर घेतली, सुनेच्या पायाशी खळ्यात उभी केली, आणि लेकीचा दंड धरून म्हणाली, "चल आत. वाटाप वाटूक हात लाव."

आत्या दचकली. "आये, तेका एकटीकडे..."

"चल म्हटलंय मां." मग माझ्याकडे वळून, "तू पण ये गो. भायर उबी रवान बगू नको."

बघणं आणि लिहिणं हाच माझा धंदा, आणि मला स्वयंपाकघरात नेऊन भिंतीकडे तोंड करून बसवलं. बाहेर पोरीनं भोकाड पसरलं. आत्याला शोधत ती दारापर्यंत आली असावी, कारण रडणं अगदी जवळ आलं. आत्या उठायला गेली. काकीनं तिचं मनगट धरलं. "बस." रडणं पुन्हा लांब गेलं, खळ्याच्या पलीकडच्या बाजूला, जिकडून वाट समुद्राकडे जाते. आम्ही तिघी एकमेकींकडे बघत नव्हतो. काकीची बोटं लेकीच्या मनगटात रुतली होती आणि तिचे ओठ हलत होते. मला एवढं भ्यायल्याचं त्याआधी आठवत नाही आणि त्यानंतरही नाही. काकी मात्र एकदाही दाराकडे वळली नाही.

हळूहळू रडण्याचे हुंदके झाले. मग तेही थांबले. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. आणि मग खळ्यातून सुनेची हाक आली, अगदी रोजच्या आवाजात, "आये, चेडवाक भूक लागली हा."

काकीनं मनगट सोडलं. मऊ भातावर तूप घातलं, बोटांनी कालवला, आणि ताटली उंबऱ्यावर नेऊन ठेवली. "घेवन जा," ती म्हणाली. "तूच भरव तेका." मग ती परत येऊन चुलीसमोर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली.